झुरळांची बडदास्त

लक्ष्मणरेषेच्या खडूवर वाढलेल्या मराठी माणसाला ऐकूनच शिसारी येईल, पण अमेरिकेत काही घरांत झुरळांचे जावयासारखे लाड चालतात. तीस-बत्तीस अंशांची ऊब, अंधार, गाजराच्या चकत्या, संत्र्याच्या फोडी. थंडी पडली की खोक्याला हीटिंग पॅड. एवढी बडदास्त फुकट नाही. ही मंडळी सरड्याच्या पोटात जायची असतात.

सरडा बहुधा बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. झुरळ दक्षिण अमेरिकेतलं, ब्लॅप्टिका डुबिया. निसर्गात या दोघांची कधी गाठ पडली नसती.

पूर्वी सरड्यांना रातकिडे देत. ते रात्रभर किरकिरतात, वास मारतात आणि पटापट मरतात. त्यांच्यापुढे डुबिया फारच सालस. आवाज नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही. नराला लांब पंख असतात खरे, पण उडण्याच्या नावाने जेमतेम फडफड. मादीच्या पाठीवर तर पंखांचे नुसते ठोंब.

खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावतात, म्हणजे लेंड्या खाली पडतात. तिथे मादीचं बाळंतपण पाहण्यासारखं असतं. अंड्यांची पिशवी ती शरीराबाहेर काढते, आडवी वळवते आणि पुन्हा पोटात ओढून घेते. काही आठवड्यांनी वीस-तीस जिवंत पिल्लं बाहेर येतात. खोकं सारखं हलवलं, तर घाबरून ती पिशवी टाकूनही देते. नुकती कात टाकलेलं झुरळ पांढरंशुभ्र दिसतं. नवख्या पाळणाऱ्याला वाटतं, काहीतरी दुर्मीळ हाती लागलं. काही तासांत ते पुन्हा तपकिरी!

खरी कसोटी धीराची. पिल्लू वयात यायला चार-सहा महिने लागतात, आणि तेवढ्यात सरड्याची भूक काही थांबत नाही. घाईने माद्या खाऊ घातल्या की वसाहत संपलीच. म्हणून जाणते लोक जास्तीचे नर आधी काढतात. तीन-चार माद्यांमागे एक पुरतो. सरड्याला वाढण्याआधी झुरळाला पालेभाजी चारायची आणि वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची. झुरळाने जे खाल्लं, तेच शेवटी सरड्याला मिळतं.

फ्लोरिडात मात्र डुबियाला मज्जाव आहे. तिथले शौकीन डिस्कॉइड जातीवर भागवतात.

सफाई हे सगळ्यात कंटाळवाणं काम. लेंड्यांच्या आणि कातीच्या धुळीने काहींना शिंका सुरू होतात, काहींना दमा. तेव्हा तोंडाला मास्क बांधायचा आणि सगळा केर चाळणीने चाळायचा, कारण त्यात मुंगीएवढी पिल्लं लपलेली असतात.