जुनी आर.एक्स. घ्यावी का?

धाकट्याने जुन्या यामाहा आर.एक्स. १०० चा हट्ट धरला. अकरा अश्वशक्तीची ही चपळ गाडी १९९६ नंतर आपल्याकडे बनलीच नाही. "मीटरवर चाळीस हजारच आहेत," तो म्हणाला. पण केबल काढली की मीटर थांबतो, इंजिन झिजतच राहते. चेसिस-इंजिनचे नंबर आर.सी. बुकाशी जुळले. मग मालकाच्या परवानगीने मेकॅनिकने हेड उघडले. पिस्टनवर शेवटच्या ओव्हरसाइजचा आकडा! म्हणजे यापुढे बोअर वाढणार नाही, सिलिंडरच बदलावा लागेल. तो खर्च थोरलीच्या नर्सिंगच्या फीमधून गेला असता. गाडी नाकारली. धाकटा दोन दिवस रुसला. वाचकहो, जुन्या गाडीची किंमत विचारताना पुढच्या दुरुस्तीचीही विचारा.