मारेगावच्या पडितातली डोंबारी

प्रवासवर्णन म्हटले की लेणी, किल्ले किंवा थंड हवेची ठिकाणे वाचायची आपल्याला सवय आहे. अजिंठा-वेरूळ आपल्या वाचकांनी पाहिलेले असते, दीक्षाभूमीवर तर आपण दरसाल जातोच. परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावला मुद्दाम कोणी जात नाही. करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. एस.टी. थांबते, माणसे चढतात-उतरतात आणि गाडी पुढे जाते. आम्ही मात्र येथे उतरलो ते एका मूठभर पाखरासाठी.

हा सारा मुलूख काळ्या मातीचा. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन ही येथली पिके. पूर्वेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. वणीच्या बाजूला दगडी कोळशाच्या खाणी. कोलाम आणि गोंड बांधवांच्या वस्त्याही या भागात आहेत. पाऊस संपला आणि कापूस वेचून झाला की वावरे उघडी पडतात. धुऱ्यावर, माळावर आणि पडितात वाळलेले गवत तेवढे उरते. तेथे काय आहे, असे कोणी विचारले तर गावचा माणूसही सांगेल, "काही नाही, ढेकळं आहेत." त्या ढेकळांतच आमचे पाखरू राहते.

त्याचे नाव डोंबारी. चिमणीएवढेच, चोचही चिमणीसारखीच जाड आणि आखूड. म्हणून बघणारा त्याला चिमणी समजतो. पण हे चंडोलाच्या कुळातले पाखरू आहे. नराची टाळू राखेच्या रंगाची, गाल पांढुरके, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सगळा काळा. बहुतेक पाखरे पाठीवर गडद आणि पोटाला फिकी असतात. येथे उलटे आहे. मादी मात्र मातीच्या रंगाची. ती खाली बसली की माती कोणती आणि पाखरू कोणते, हे ओळखता येत नाही.

लपण्याची याची रीत फार साधी आहे. झाडावर ते सहसा बसत नाही. झुडपातही शिरत नाही. माणूस जवळ आला की जागच्या जागी जमिनीला चिकटून बसते. आपण चार हातांवर येईपर्यंत ते हलत नाही आणि मग पायाखालून भुर्रकन उडते. थोडे दूर जाऊन उतरले की पुन्हा दिसेनासे होते. रात्रीसुद्धा हे पाखरू जमिनीवर उथळ खळगा करून त्यातच झोपते.

एवढे लाजाळू पाखरू, पण विणीच्या दिवसांत नराचा खेळ पाहण्यासारखा असतो. पंख थरथरवत तो सरळ वर चढतो. वर गेल्यावर पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, तोंडाने लांब शीळ घालतो आणि पडता पडता स्वतःला सावरून पुन्हा वर उसळतो. असे चार-सहा वेळा झाले की एखाद्या ढेकळावर उतरतो. दोरीवर आणि बांबूवर कसरत करणाऱ्या डोंबारी बांधवांचेच नाव या पाखराला आहे. आपल्या समाजात 'डोंबाऱ्याचा खेळ' हे शब्द हिणवण्यासाठी वापरले गेले. भटक्या माणसाने पोटासाठी जिवावर उदार होऊन केलेली कला लोकांनी फुकट पाहिली आणि वर तिला हसलेही. या पाखराच्या नावात मात्र त्या कलेचा मान राहिला आहे. मुलांना पाखरू दाखवताना ही गोष्टही सांगावी.

घरटे म्हणजे जमिनीतला एक लहानसा खळगा. ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला, आत वाळलेले गवत आणि केस, काठावर कधी बारीक खडे मांडलेले. अंडी दोन किंवा तीन. ती सुमारे तेरा-चौदा दिवस उबवावी लागतात आणि हे काम नर-मादी आळीपाळीने करतात. पिलांना चारा आणण्यातही दोघांचा वाटा असतो. दिवसभर निंदण करून आल्यावर पुन्हा चुलीपुढे एकटीच बसणाऱ्या आमच्या भगिनी हे वाचून हसतील. घरातल्या पुरुषांनी मात्र हसून सोडून देऊ नये.

मोठी पाखरे गवताचे बी खातात, किडेही खातात. पिलांना मात्र किडेच भरवतात. म्हणजे कीटक संपले की पिले संपली. फवाऱ्याचा प्रश्न येथेच येतो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पाठीवर पंप घेणारा हात बहुधा भूमिहीनाचाच असतो. जे विष त्या मजुराच्या अंगात गेले तेच ढेकळातल्या पाखराच्या चाऱ्यात जाते. मजुराला तोंडावर बांधायला धड फडकेही नव्हते, तेथे पाखराची काळजी कोण करणार, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की ही दोन दुःखे वेगळी नाहीत.

दुसरा प्रश्न जमिनीचा. माळ आणि गायरान यांना सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघाले. अशा जमिनीवर झाडे लावली म्हणजे ती सुधारली, असे मानण्याची रीत पडली. पण गवत हेच ज्याचे घर, त्याला झाडांच्या दाट रांगा काय कामाच्या? कोणाला निरुपयोगी ठरवायचे आणि मग हटवायचे, ही रीत आपल्याला ठाऊक आहे.

गायरानाशी आपले नाते आणखी जुने आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तेव्हा पाखरासाठी गरिबाला गायरानातून उठवा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. कोरडवाहू वावर, नांगरट, धुऱ्यावरचे गवत यांत डोंबारी सुखाने राहते. बैलाच्या वखरामागे ती दाणे टिपते. तिला लहान शेतकऱ्याची अडचण नाही. अडचण आहे ती विषाची आणि धुरा-माळ काही न सोडणाऱ्या हव्यासाची.

संयुत्त निकायात एक कथा आहे. एक लावा आपले रान सोडून भटकला आणि ससाण्याच्या तावडीत सापडला. तो रडू लागला, की मी माझ्या वडिलोपार्जित रानात असतो तर हा मला पकडू शकला नसता. ससाण्याने घमेंडीने त्याला सोडले. लावा नांगरलेल्या वावरात गेला, मोठ्या ढेकळावर उभा राहिला आणि त्याने ससाण्याला हाक मारली. ससाणा झेपावला, लावा ढेकळाआड सरकला आणि ससाण्याची छाती त्याच ढेकळावर फुटली. भगवान बुद्धांनी भिक्खूंना सांगितले की तुमचे रान म्हणजे चार सतिपट्ठान. ते सोडू नका. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याने ही कथा सांगितली त्याने ढेकळातले पाखरू नीट पाहिले असले पाहिजे.

वर्षावासाचा नियमही असाच झाला. पावसात भिक्खू हिंडतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. दर वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच दिवसांत मुलांना एकदा धुऱ्यावर न्यावे. घरटे दिसले तर हात लावू नये, त्याभोवती फार वेळ थांबूही नये, कारण माणसाच्या मागोमाग कुत्रा आणि कावळा येतो. वखर किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्याने घरटे दिसल्यास दोन हात जागा पंधरा-वीस दिवस सोडावी. एवढ्याने कोणाचे पीक बुडत नाही.

पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. ते पाळण्याची जागा विहारात जेवढी आहे तेवढीच वावरातल्या ढेकळापाशीही आहे.