आपण कोणत्या काठावर?

थोर पुरुषांचे चरित्रग्रंथ कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. तेच पुरुष पडद्यावर चालू-बोलू लागले की लहानथोर तीन-तीन तास जागचे हलत नाहीत. ही ओढ नेमकी कशाची? भिवंडी तालुक्यातील आमच्या दिघाशीत काही कुटुंबांनी मिळून डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट पाहिला, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे.

सन २००० मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट मूळ इंग्रजी. मामुट्टी हे केरळचे नट. परंतु त्यांनी साकारलेले बाबासाहेब मराठी माणसालाही परके वाटत नाहीत. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. रमाबाईंची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली आहे. कचेरीच्या भिंतीवरील तसबिरीत बाबासाहेब सदैव कोट घातलेले, करारी आणि दूरचे दिसतात. पडद्यावर मात्र ते संसारी गृहस्थ होतात. ज्यांची चार अपत्ये हाती लागली नाहीत आणि १९३५ साली ज्यांची सहचारिणीही निघून गेली, असा हा माणूस ग्रंथांत डोके घालून बसतो, तेव्हा त्याच्या विद्वत्तेचे मोल आपल्याला प्रथमच कळते. तसबिरीतला पुरुष घरातला होतो, हे अशा चित्रपटांचे पहिले आकर्षण.

दुसरे आकर्षण अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक धोक्याचे. महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. हे दृश्य पाहताना प्रत्येकाचे अंतःकरण भरून येते. सारे प्रेक्षक मनाने सत्याग्रहींबरोबर पायऱ्या उतरतात. अंधारात बसलेल्यांपैकी एकही जण विरोधकांच्या बाजूला उभा नसतो. मग १९२७ साली ते विरोधक आले कोठून?

चित्रपट संपल्यावर आमच्यात हेच बोलणे निघाले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले. कागदावर सारे ठीक होते; पाण्याला हात लावण्याची सोय मात्र नव्हती. सत्याग्रहानंतर जमावाने परिषदेच्या लोकांना मारहाण केली. पंचगव्याने तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. पडद्यावर काही मिनिटांत सरणारी ही वाट प्रत्यक्षात दहा वर्षांची होती.

हे ऐकून आमच्यातील एक वृद्ध मावशी म्हणाल्या, "तळं बाटलं म्हणणारी ती माणसं त्या रात्री घरी जाऊन पोटभर जेवली असतील ना? पोराबाळांना जवळ घेतलं असेल, देवाला दिवा लावला असेल."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. ती माणसे राक्षस नव्हती, चारचौघांसारखी गृहस्थ होती, हे मावशींनी एका वाक्यात सांगितले होते.

येथे आपल्या उपासनेतील एक शहाणपण आठवते. झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते, तेव्हा ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरूंकडे असतात. भाविकांच्या वाट्याला येतात ते जमावाचे शब्द. येशूला क्रुसी देण्याची मागणी आपल्याच तोंडून होते. चित्रपट आपल्याला नायकाशेजारी बसवतो. ख्रिस्तसभा मात्र आपल्याला पिलाताच्या अंगणात, गर्दीत उभे करते. श्रद्धेने चर्चमध्ये आलेल्यांनाच ती हे शब्द उच्चारावयास लावते.

बाबासाहेबांचा चित्रपट आपण कॅथॉलिकांनी याच दृष्टीने पाहावा, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न शेजारघरचा नाही. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तामिळनाडूच्या बिशपांना ख्रिस्ती समाजातील जातिभेदाविरुद्ध बजावले होते. २०१६ साली भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही भेदभाव असल्याचे मान्य केले. एकाच वेदीवरून पवित्र ख्रिस्तप्रसाद घेणारी दोन घरे सोयरिकीची बोलणी सुरू झाली की एकमेकांचे मूळ विचारू लागतात, तेव्हा तेही एक तळेच असते. कागदावर खुले, काठावर पहारा.

म्हणून उपवासकाळात एखाद्या संध्याकाळी धर्मग्रामातील तरुणांना हा चित्रपट जरूर दाखवावा. तो संपल्यावर टाळ्या झाल्या तर होऊ द्याव्यात. त्यानंतर मात्र दिवे लावून सर्वांना थोडा वेळ बसवून ठेवावे, आणि मावशींचा तो प्रश्न विचारावा.