हातांनी साकारलेला ईस्टर

ईस्टर हा सण दिनदर्शिकेत एका जागी स्थिर राहत नाही. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येऊ शकतो. आम्हा वसईच्या ख्रिस्ती माणसांना हा हिशेब कधी परका वाटला नाही. चंद्राकडे पाहून सण ठरवणाऱ्या मुलुखातच आम्ही वाढलो. २०२५ साली तर शेजारच्या घरून हनुमान जयंतीचा प्रसाद आला आणि दुसऱ्याच दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार उजाडला. त्यानंतरच्या रविवारी, २० एप्रिल रोजी, ईस्टर होता.

नाताळ हा अंगणातला सण आहे. तारे, गोठे, गाणी आणि पाहुणे यांनी तो गजबजलेला असतो. ईस्टरचा स्वभाव अधिक अंतर्मुख आहे. त्याच्याआधी राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. मधले सहा रविवार त्यात धरीत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात हा काळ शेहेचाळीस दिवसांचा होतो. इतका दीर्घ संयम पाळल्यानंतर येणारा आनंद उसना आणता येत नाही, तो घरातच मुरावा लागतो. म्हणूनच आमच्या घरी ईस्टरचे खाणे आणि सजावट ही दोन्ही कामे बाहेर सोपवण्याची रीत नव्हती. सासूबाईंच्या दोन हातांवर ती सारी भिस्त होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा सुदैवाने लवकर परतली, पायही हळूहळू सावरला. उजवा हात मात्र मागे राहिला. पेला धरताना बोटे मिटत नसत आणि मिटली तर उघडत नसत. फेब्रुवारीअखेर घरात चर्चा झाली. ‘या वर्षी सगळे बाहेरून मागवू, आईंना दगदग नको,’ असे माझ्या यजमानांचे मत पडले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, ‘बाय, मी अजून घरातच आहे ना?’

त्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला भाग होते.

हाताच्या उपचारांसाठी ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट येत असत त्यांच्यापुढे आम्ही हा विषय काढला. रबरी चेंडू दाबण्याचा आणि लाकडी खुंट्या भोकांत बसवण्याचा सराव सासूबाईंना अपमानास्पद वाटे; ‘मी काय लहान मूल आहे?’ म्हणून त्या चेंडू बाजूला सारीत. थेरपिस्टबाईंनी दिलेला सल्ला मला फार मोलाचा वाटतो. झटक्यानंतर हात सुधारण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, परंतु पुढेही सुधारणा होऊ शकते. त्यासाठी मेंदूला त्याच हालचालीची पुनःपुन्हा, अर्थपूर्ण उजळणी लागते. ‘जी कामे त्यांचे हात पूर्वी न पाहता करीत होते, त्यांचे लहान लहान तुकडे करा आणि रोज एकेक तुकडा त्यांना द्या,’ त्या म्हणाल्या. राखेचा बुधवार ५ मार्चला होता. चाळीस दिवसांचा एक आखीव अभ्यासक्रम जणू आमच्या पुढ्यात आला.

पहिला प्रश्न उपवासाचा निघाला. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी उपवास असतो: एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पसे खाणे, मांस पूर्ण वर्ज्य. उपवासाचे हे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते आणि आजारी माणसांना त्यातून सूट असते. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. दोन्ही अर्थांनी मोकळ्या. तरीही त्यांचा हट्ट होता. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशी राहणे योग्य नाही, हे डॉक्टरांनी सांगून पाहिले. अखेर मार्ग त्यांनीच शोधला. ‘उपाशी राहायचे नसेल तर सोडायचे काय ते मी ठरवीन,’ म्हणत त्यांनी सुके बोंबील, लोणचे आणि पापड चाळीस दिवस सोडले. किनारपट्टीवरच्या माणसाला सुके मासे सोडणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सहजी कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि आपल्या जेवणातले पुष्कळसे मीठ अशा तोंडी लावण्यांतूनच चोरपावलांनी येत असते. डॉक्टरांनी सहा महिने जे सांगून झाले नव्हते ते श्रद्धेने एका संध्याकाळी घडवून आणले. पथ्य आणि व्रत यांतले अंतर किती थोडे आहे, हे त्या दिवशी मला नव्याने उमगले.

सजावटीची तयारीही त्याच दिवशी सुरू झाली. स्वयंपाकघरात एक वेताची टोपली ठेवली आणि रोजच्या कांद्यांची कोरडी साले तीत साठवू लागलो. ती साले वेचून टोपलीत टाकण्याचे काम सासूबाईंच्या उजव्या हाताकडे होते. पातळ, कुरकुरीत साल चिमटीत धरायला जोर लागत नाही, पण नेमकेपणा लागतो. पहिल्या आठवड्यात दहा सालांना पाऊण तास लागला. मार्च सरताना तेच काम भाजी शिजेपर्यंत उरकू लागले.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळ्या घरी आल्या. माडाच्या कोवळ्या, पिवळसर पातीचा क्रूस विणणे ही आमच्याकडची जुनी कला आहे. पातीचा मधला हीर काढून टाकायचा, दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या आणि घडीवर घडी घालीत मध्यभागी चौकोनी गाठ आवळायची. सासूबाईंनी डाव्या हाताने घडी घातली, उजव्या हाताच्या अंगठ्याने ती दाबून धरली, आणि गाठ आवळण्यासाठी आमच्या नऊ वर्षांच्या कन्येची बोटे उसनी घेतली. क्रूस एका बाजूला कलला. मुलीने तो उलगडून पुन्हा करू का, असे विचारले. ‘राहू दे,’ आजी म्हणाली, ‘दोघींनी केला आहे तो.’

पवित्र शनिवारी सकाळी अंडी रंगवण्याचा कार्यक्रम झाला. अंड्याचे आणि ईस्टरचे नाते जुने आहे. मध्ययुगीन युरोपात प्रायश्चित्तकाळात अंडीही वर्ज्य होती, पण कोंबड्या काही उपवास पाळीत नसत; साठलेली अंडी ईस्टरला आनंदाने खाल्ली जात. निर्जीव दिसणाऱ्या कवचातून जीव बाहेर येतो, म्हणून बंद थडग्यातून उठलेल्या ख्रिस्ताचेही ते प्रतीक ठरले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ती लाल रंगवतात.

आमचे रंग स्वयंपाकघरातले होते. दोन मुठी कांद्याची साले पाण्यात अर्धा तास उकळली की तांबूस-विटकरी रंग मिळतो, हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी. जांभळ्या कोबीच्या पाण्यात पांढरी अंडी रात्रभर शीतकपाटात ठेवली तर ती चक्क निळी होतात. प्रत्येक रंगात चमचा-दोन चमचे व्हिनेगर घालावे. त्यातील आम्लामुळे कवचाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग नीट धरतो. मुलांना सर्वांत आवडली ती पानांची नक्षी. ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचे किंवा मेथीचे पान चिकटवायचे, जुन्या मलमलीच्या तुकड्यात अंडे घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचे आणि कांद्याच्या पाण्यात उकडायचे. कापड सोडले की विटकरी पृष्ठभागावर पानाची फिकट आकृती उमटलेली दिसते. मलमल धरून ठेवणे सासूबाईंचे, दोरा गुंडाळणे मुलांचे. दोन डझनांपैकी तीन अंडी हातून निसटून फुटली. त्यांची बुर्जी झाली.

येथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात उकडलेली अंडी शोभेसाठी दिवसभर टोपलीत ठेवून नंतर खाणे धोक्याचे आहे. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर तासाभरात ती शीतकपाटात जावीत आणि आठवड्याच्या आत संपावीत. टोपलीत मांडण्यासाठी रिकामी कवचे बरी. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून आतला बलक काढावा. मात्र तोंडाने न फुंकता औषधाच्या दुकानात मिळणारा लहान रबरी फुगा वापरावा, म्हणजे कच्चे अंडे तोंडात जाण्याची भीती उरत नाही.

ईस्टरच्या ताटातला मान फुग्यांचा. पूर्वी त्यांचे पीठ ताडीने आंबवीत. आता यीस्ट वापरतात. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, नारळाचे दाट दूध, चमचाभर यीस्ट, थोडी साखर आणि मीठ यांचे सैलसर पीठ हाताने खूप फेसायचे, इतके की त्यात बुडबुडे दिसू लागावेत. दोन-तीन तासांनी ते दुप्पट झाले की मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा गोळा पिळायचा आणि गरम तेलात सोडायचा. मूठ आवळणे, सोडणे, पुन्हा आवळणे: रबरी चेंडूचाच तो व्यायाम होता. पण चेंडूला कोणी जेवायला येत नाही.

झटक्यानंतर त्वचेची संवेदना मंदावलेली असू शकते आणि चटका लागल्याचे माणसाला वेळीच कळत नाही. म्हणून सासूबाईंना चुलीपासून दूर, जेवणाच्या मेजाशी बसवले. केळीच्या पानाचे लहान तुकडे करून त्यांना तेल लावले. त्या पानावर गोळा पिळीत आणि मी पान उचलून तो अलगद कढईत सोडी. पहिले चार लांबुळके झाले, पाचव्याला शेपूट फुटले. नववा गोळा पानावर पडला तेव्हा त्या थांबल्या, त्याच्याकडे पाहिले आणि काही न बोलता पुन्हा मूठ भरली. तो गोल होता. कढईत तो फुगला आणि स्वतःच उलटला, जसा चांगला फुगा उलटतो.

फुग्यांबरोबर इंद्याल हवेच. ‘विंदालू’ या प्रसिद्ध नावाचे हे भावंड. पोर्तुगीज भाषेतील द्राक्षमद्य आणि लसूण यांच्या शब्दांपासून ते नाव आले. १५३४ ते १७३९ ही दोन शतके वसई पोर्तुगिजांकडे होती, तिची खूण अशी रश्शात उरली आहे. आम्ही या वेळी डुकराच्या मांसाऐवजी चरबी काढलेली कोंबडी घेतली. मीठ निम्मे केले आणि आंबटपणाची बाजू व्हिनेगरने व लसणीने सावरली. आंबट आणि तिखट चव नेमकी असेल तर जिभेला मीठ कमी जाणवत नाही, ही युक्ती रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरी रोज उपयोगी पडते. फुगे तळलेले असतात, म्हणून प्रत्येकाला तीनच वाढले आणि उरलेले दोन शेजारघरी पाठवले. सणाचे पदार्थ वाटून खाण्याची जुनी रीत प्रमाणात खाण्याची सोयही करून ठेवते.

शनिवारी रात्री पास्का जागरणाला सासूबाई व्हीलचेअरवरून आल्या. अंधाऱ्या चर्चमध्ये नव्या अग्नीवर पेटवलेली मोठी पास्का मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली लहान मेणबत्ती पेटत जाते. ज्योतीपाशी उजवा हात नको, म्हणून त्यांनी आपली मेणबत्ती डाव्या हातात धरली आणि उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला. पकड सैल होती, पण पकड होती.

आजारी माणसाला सणात बसवून ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे, असे आपण सहज मानतो. विश्रांती हवीच, पण जिच्या शब्दाने वर्षानुवर्षे घर हलले तिला केवळ पाहुणी करणे हीदेखील एक इजा आहे. मग सण ईस्टरचा असो, दिवाळीचा असो वा ईदचा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी काम लहान करावे, वेळ अधिक द्यावा, आगीपासून आणि घाईपासून त्याला दूर ठेवावे. कामाला मात्र मुकवू नये. वाकडे झाले तरी ते त्याचेच राहू द्यावे.

तो कललेला क्रूस आमच्या दाराच्या चौकटीवर लावला होता. रूढीप्रमाणे आदल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. २०२६ साली त्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये झावळ्या जमा करायच्या होत्या, तेव्हा तो क्रूस सासूबाईंनी स्वतः खिळ्यावरून काढला. उजव्या हाताने. दोन बोटे अजूनही आखडलेली आहेत. कांद्याच्या सालांची टोपली त्यांनी त्याच दिवशी पुन्हा ओट्यावर आणून ठेवली.