शब्दांचे बिऱ्हाड

वडिलांच्या पश्चात त्यांचा संगणक मुलीकडे येतो आणि ती आपल्या नावाचे नवे खाते उघडते. जुन्या खात्यातील दस्तऐवज आणि छायाचित्रे इकडे आणावीत, मग जुने खाते पुसून टाकावे, इतका साधा विचार तिच्या मनात असतो. घाई घात करते ती इथेच.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला यंत्राने दिलेला एक लांबलचक क्रमांक असतो. खाते पुसून त्याच नावाचे पुन्हा काढले, तरी क्रमांक निराळा पडतो आणि यंत्राच्या लेखी तो माणूस परका ठरतो. जतन केलेले पासवर्ड आणि त्या खात्यातून सांकेतिक केलेल्या फायली यांची किल्ली खात्याच्या पासवर्डाशी बांधलेली असते. तो पासवर्ड दुसऱ्या खात्यातून बळेच बदलला, तर दार उघडते. तिजोरी मिटलेलीच राहते.

वडिलांच्या डायरीत तो पासवर्ड सापडला, हे तिचे भाग्य. ती आधी जुन्या खात्यातच शिरते. सांकेतिक फायली मोकळ्या करते, पासवर्ड उतरवून घेते, साऱ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवते. मग संगणक पुन्हा सुरू करून तिसऱ्याच, प्रशासकाच्या खात्यातून ती फायलींची नक्कल करते. कारण खाते वापरात असेपर्यंत त्याच्या काही फायली यंत्र सोडत नाही. 'एनटीयूजर' नावाच्या फायलीत जुन्या खात्याच्या सवयी नोंदलेल्या असतात. ती नव्या खात्यावर लादायची नसते. सवयी ज्याच्या त्याने लावून घ्यायच्या.

एवढे करूनही एक गोष्ट राहून जाऊ शकते. 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात वर्डची एक चिमुकली शब्दसूची असते. गावाचे नाव, नातलगांची नावे, बोलीतले शब्द यांच्याखाली यंत्राने तांबडी रेघ ओढली, तेव्हा वडिलांनी एकेक शब्द खरा असल्याचे त्याला शिकवले होते. नुसती कागदपत्रे हलवली, तर ही शिकवण मागेच राहते.

ती सूची नव्या खात्यात जोडून मुलगी गावाचे नाव टंकलिखित करते. खाली रेघ उमटत नाही.

जुने खाते मात्र ती लगेच पुसत नाही. प्रत्येक फाइल उघडून पाहीपर्यंत ते राहणार आहे. बिऱ्हाड हलले, तरी जुन्या घराची किल्ली काही दिवस पदरी ठेवावी लागते.