दर जूनला तीच मुलाखत

सव्वीस वर्षं कॉलेजात काढली, त्यातली शेवटची सात प्राचार्य म्हणून. त्या सात वर्षांत दर जूनला तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, मुलाखती घेतल्या. नेमणूक वर्षापुरती असली की माणूस नेटाने शिकवतो, जागा पक्की झाली की सैलावतो, असं मी मनापासून मानत होतो. बैठकांमधून बोललोही, नव्या विभागप्रमुखांना समजावलंही. आज ते मत मी मागे घेतोय. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, म्हणून हे लिहायला हवं.

2023चा जून. इतिहासाच्या तासिकांसाठी मुलाखती चालू होत्या. आमच्याकडे आठ वर्षं शिकवणारे एक सर आत आले. नेट झालेले, पीएच.डी. झालेले. मी सवयीने विचारलं, "अनुभव किती?" त्यांनी प्लास्टिकच्या फाइलमधून प्रमाणपत्रं काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर जुलै ते मार्च, कॉलेजचा गोल शिक्का, आणि शेवटच्या सहांवर माझीच सही.

"आठ वर्षं, सर."

मग मागल्या जूनला विचारले तेच प्रश्न आम्ही त्यांना पंधरा मिनिटं विचारले. त्यांच्यानंतर आलेल्या बाई नुकत्याच सेट झालेल्या, बोलायला चटपटीत. त्यांना दोन गुण जास्त पडले आणि यादी लागली. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी पैसे घेतले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो.

चार दिवसांनी सर ग्रंथालयाची पुस्तकं आणि हजेरीपट परत करायला आले. हजेरीपट माझ्या टेबलावरच राहिला. संध्याकाळी चाळला. नावांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "ऊसतोडीला, पाडव्यानंतर येईल." "आईचा नंबर बदलला." "फी राहिलीय, लाजून येत नाही. बोललो." आमचं गाव मराठवाड्यातलं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वर्ग अर्धा रिकामा होतो. यातलं कोण परत येणार आणि कोणाच्या मागे लागावं लागणार, ते त्या एका माणसाला ठाऊक होतं. त्या वर्षी नव्या बाईंनी नियमाप्रमाणे गैरहजर मुलांची यादी ऑफिसला दिली. त्यातल्या दोघांचे परीक्षेचे अर्ज राहिले आणि ते पुन्हा कॉलेजात आले नाहीत. बाईंचा काही दोष नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि मार्चनंतर त्यांचंही भवितव्य पुढच्या जूनवरच होतं.

त्यानंतर मागचं सगळं मला वेगळं दिसू लागलं. नॅकच्या फाइली सरांनी रात्री थांबून लावल्या होत्या. एनएसएसच्या शिबिरात सातही दिवस राहिले, पर्यवेक्षणाला कधी नाही म्हणाले नाहीत. यातल्या कशाचेच पैसे नव्हते. मी त्याला उत्साह समजत आलो. ती जूनची भीती होती.

मानधनाचा हिशेब मला तोंडपाठ होता, तरी तो कधी त्यांच्या घरात नेऊन मांडला नव्हता. आठवड्याला जास्तीत जास्त 9 तासिका, 2022च्या वाढीनंतर पदवीच्या तासाला 900 रुपये. महिन्याचे 36 तास पुरे भरले तर 32,400. सुट्टी पडली, परीक्षा आली की तेवढे तास गेले, उन्हाळा तर पूर्ण कोरडा. बिलं मंजूर होऊन हातात पैसे पडेपर्यंत महिनोन्‌महिने जातात. यूजीसीने अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 आणि महिन्याला 50,000 पर्यंत मानधन 2019 सालीच सांगितलं होतं.

कुणी कायम करण्याचा विषय काढला की मी उमादेवी निकाल पुढे करायचो: 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, तात्पुरत्या नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. ते खरंच आहे. पण त्याच न्यायालयाने 1992 मध्ये हरियाणाच्या पियारा सिंग खटल्यात असंही म्हटलंय की एका हंगामी माणसाला काढून त्याच्या जागी दुसरा हंगामी माणूस आणू नये. आणायचा तर नियमित निवड झालेला आणावा. हा निकाल मला माहीत होता. सोयीचा नव्हता, म्हणून मी तो कधी तोंडातून काढला नाही.

कायमच्या जागा भरणं हेच खरं उत्तर आहे, यात मला शंका नाही. पण त्या भरेपर्यंत शासनाने एवढा तरी नियम करावा: कार्यभार असेल तर गेल्या वर्षी शिकवलेल्याला आधी बोलवा, बोलवायचं नसेल तर कारण लेखी द्या, आणि उरलेल्या तासांचीच जाहिरात काढा. अशाने वाईट शिकवणारा डोक्यावर बसेल, अशी भीती मीच घालत असे. कोण कसं शिकवतं ते पाहायला वर्गात जाऊन बसायची मला वर्षभर मुभा होती. सहा वर्षांत त्या सरांच्या एकाही तासाला मी बसलो नाही.

ते सर आता तालुक्याच्या गावी खासगी क्लासमध्ये शिकवतात. मी जाऊन भेटलो, चूक झाली म्हणालो. त्यांनी चहा दिला आणि त्या दोन मुलांची चौकशी केली.

येत्या जूनमध्ये जे निवड समितीवर बसतील, त्यांना हात जोडून विनंती आहे. समोरच्याला अनुभव विचारण्याआधी त्याचा गेल्या वर्षीचा हजेरीपट मागवून घ्या.