पत्र्या काढ, पत्र्या घाल

आमच्या वेळी पुसदला आगगाडी नव्हती, जीप होती. महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीजच्या घराण्यातली, उंच बॉनेटची, ताडपत्रीच्या छपराची. ज्यांच्या दारात होती ते तिचे मालक. पण अख्खी गल्ली तिला आपलीच म्हणायची. तिच्यात सरकीची पोती जायची, फवारणीचा पंप जायचा, वऱ्हाड जायचं, अडलेली बाळंतीण जायची. वाशीमच्या रस्त्याला खंडाळ्याचा घाट, खेड्यांकडे काळ्या मातीच्या वाटा. एवढं ओझं वाहून मागचं चाक बोलायला लागायचं. वळणावर टक्, सरळ झाली की पुन्हा टक्.

मग घरात एकच प्रश्न. हलतंय का? आजोबा विचारायचे, हलतंय का? काका जॅक लावायचे आणि आम्ही पोरं चाक दोन्ही हातांनी धरून आत ढकलायचो, बाहेर ओढायचो. हलतंय!

मिस्त्रीकाका यायचे. एक्सलच्या टोकाची पिन काढायची, मोठा नट सोडायचा, पुलर लावून हब ओढायचा, ड्रम उतरवायचा, ब्रेकच्या ताटाचे बोल्ट खोलायचे. त्या ताटामागे पातळ पत्र्या. मिस्त्री त्यांना शिमा म्हणत. पत्री काढली की प्ले, म्हणजे चाकाचं ते हलणं, कमी, घातली की जास्त. प्ले किती हवा? इंचाचे हजार भाग केले तर त्यातले एक ते सहा. सहा भाग धरले तरी तो जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढा. त्याहून सैल झालं की ऑइल सील झिजतं आणि गिअरचं तेल ब्रेकच्या शूवर उतरतं. घाटात ते जिवावर बेतणारं. फार आवळलं तर बेअरिंग तापून निळं पडतं.

आमच्या आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. बंडीचं चाक आसावर किती सैल असावं, आसाच्या टोकाची खीळ कशी बसावी, वंगण कधी द्यावं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. जीप आली तरी हात तेच राहिले.

जुन्या पत्र्या फेकायच्या नाहीत, हा घरचा नियमच होता. रॉकेलमध्ये धुवायच्या, जाडीप्रमाणे तारेत ओवायच्या, डब्यात ठेवायच्या. डबा बिस्किटांचा, त्यामुळे आम्ही तो आशेनं उघडायचो. काहीजण डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पत्री करत. मिस्त्रीकाकांना ते मुळीच पटत नसे, आणि त्यांचंच बरोबर होतं.

पुसदच्या आसपास अजून कुणाच्या गोठ्याशेजारी तशी जीप उभी असेल, तर एवढं करा. दोन्ही एक्सलची आतली टोकं मधल्या ठोकळ्याला टेकलेली असतात, म्हणून एकाच बाजूच्या पत्र्या काढत बसू नका. दोन्हीकडच्या साधारण सारख्या राहू द्या. बोल्ट आवळल्यावर एक्सलच्या टोकांवर लाकडी हातोड्यानं ठोका, म्हणजे बेअरिंग जागेवर बसेल. माप त्यानंतरच घ्या.